इनबॉक्समध्ये नको, इथेच सांगा

चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, महिन्यावर आली. परवा भाचीचा फोन. "मामा, यंदा माटोळी रानातल्या वस्तूंनी भरायची. नारळ, तवशी, आंबाडे ठाऊक आहेत, पुढे काय?" माटोळी म्हणजे आमच्या गोव्यात गणपतीच्या वर टांगतात ती फळं-फुलं बांधलेली लाकडी चौकट. आधी तिने मोबाईलवर शोधलं होतं. एका व्हिडिओखाली लिहिलेलं, यादी हवी तर कमेंटमध्ये 'हो' टाका. हिने टाकलं, तर ९९ रुपयांच्या पीडीएफची लिंक आली.

मी माळ्यावरची ट्रंक उतरवली. त्यात २००४ सालचा एक प्रिंटआउट आहे. तेव्हा आम्हा पाच-पन्नास जणांचा ईमेल ग्रुप होता, निम्मे गोव्यात, निम्मे आखातात. हाच प्रश्न मी तिथे विचारला होता. सत्तरी तालुक्यातल्या एका निवृत्त मास्तरांनी सायबर कॅफेत बसून, रोमी अक्षरांत मराठी टंकून, अडीच पानी उत्तर पाठवलं. नुसती नावं नव्हेत. कांगल्यांचे घोस कुठल्या रानात सापडतील, कधी काढायचे. कवंडळ दिसायला लालबुंद पण कडू जहर, पोरांना तोंडात घालू देऊ नका. खाली एक ओळ: चूक असल्यास दुरुस्त करावे. दुसऱ्याच दिवशी पेडण्याच्या एकाने दोन चुका काढल्या, मास्तरांनी त्या मुकाट मान्य केल्या. कोणी कोणाला एक पैसा दिला नाही.

जुनं ते सगळं सोनं होतं असं नाही. मराठी की कोकणी यावरून तिथे दर पंधरवड्याला रण पेटायचं, आणि मीही त्यात तेल ओतलंय. पण विचारलेलं आणि सांगितलेलं सगळ्यांसमोर राहायचं. गोवानेट हा गोंयकारांचा मोठा ईमेल ग्रुप तर १९९४ पासूनचा, म्हणजे गूगलच्याही आधीचा.

ऑर्कुट २०१४ला गेलं, याहू ग्रुप्स २०२०ला. आमचा ग्रुपही असाच कुणा कंपनीच्या ओसरीवर बसलेला; दार लागलं, मास्तरांची पत्रं आत राहिली. आता सगळं व्हॉट्सअपवर. तिथेही जाणती माणसं उत्तरं देतात, पण 'गुड मॉर्निंग'च्या पुरात ती संध्याकाळपर्यंत वाहून जातात. (हे मी फेसबुकवर लिहितोय, कळतंय मला.)

विकिपीडियावर का टाकत नाही, असं एका मित्राने विचारलं. टाकावंच. मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे, कोंकणी २०१५ पासून. गोवा विद्यापीठाने कोंकणी विश्वकोश २०१३ साली कुणालाही वापरता येईल अशा मुक्त परवान्याखाली दिला, ही मोठीच गोष्ट. पण विकिपीडियाला कुठेतरी प्रसिद्ध झालेला, विश्वासार्ह संदर्भ लागतो. 'आजीने सांगितलं' हा तिथे संदर्भ धरत नाहीत, आणि माटोळीचं निम्मं ज्ञान आजीकडेच आहे. त्याला आपलीच जागा हवी. जाहिरात नाही, लॉगिन नाही, गूगलवर सापडेल असं साधं पान. ते फुकट उभं राहत नाही हेही खरं. डोमेन, होस्टिंगचे पैसे दरवर्षी कुणीतरी भरावे लागतात. चवथीच्या फटाक्यांत जातात त्याहून कमीच होतील. यंदाचे मी भरतो.

मास्तर आता नाहीत. त्यांची यादी देवनागरीत टंकून झालीय, फक्त दुसऱ्या पानाच्या तळाला ओल लागून शाई पसरलीय. एका फळाचं पहिलं अक्षर 'घा' दिसतं, पुढे 'ओढ्याकाठी' एवढंच. सत्तरीतलं कोणी असेल तर खाली लिहा.