संदर्भ मागितला की म्हणे पळवाट!

‘स्पष्ट बोलण्याचे नियम’ नावाचा एक मेसेज सध्या इंदूरच्या मराठी घरांतून फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: सुसंगत बोलणाऱ्याचं प्रत्येक वाक्य आधीच्या वाक्याला शब्दानं जोडलेलं असतं. संदर्भ लागतो तो गोंधळलेल्या माणसाला. संस्कृतला संदर्भ लागतच नाही, हे ‘नासानेही मान्य केलंय’. कोर्टातही नुसते शब्द बघतात. आणि घरातल्या म्हाताऱ्यांना साधे प्रश्न विचारा, उत्तर भलतीकडे गेलं की स्मृतिभ्रंश सुरू झाला समजा.

हसून सोडून दिलं असतं. पण आमच्या आत्येभावाने ही परीक्षा खरोखर आत्याची घेतली, आणि ती नापास झाल्याचा निकाल फॅमिली ग्रुपवर टाकला. म्हणून हे लिहितेय.

पहिला नियम पटकन उरकते. ‘मावशी सराफ्यात गेली. सराफ्यात सोनं मिळतं. सोन्याला भाव आहे. भाव नसेल तर भक्ती कसली? भक्ती माझी मामेबहीण.’ घ्या, प्रत्येक वाक्य आधीच्याला शब्दानं बांधलंय. झालं सुसंगत? आणि हे बघा: ‘बेल वाजली.’ ‘माझे हात पिठाचे आहेत.’ ‘बरं.’ एक शब्द दुसऱ्याला जोडलेला नाही, तरी दार कोण उघडणार ते तुम्हाला कळलं. कारण पिठाच्या हातांनी कडी काढत नाहीत हे तुम्हाला ठाऊक आहे. ते वाक्यात कुठेही लिहिलेलं नाही.

आता आत्याची परीक्षा. प्रश्न: ‘आज वार कोणता?’ आत्या म्हणाली, ‘अरे, साबुदाणा भिजलाय.’ शून्य मार्क. आत्याचा गुरुवार असतो हे त्या घरात दूधवाल्यालाही माहीत आहे. मुलगा सकाळी सकाळी वार विचारतोय म्हणजे त्याला खिचडी हवीय, असं तिनं धरलं आणि त्याचं उत्तर दिलं. त्यात वारही आला. पुढचा प्रश्न: ‘सराफा किती वाजता उघडतो?’ आत्या: ‘कोणाला घेऊन जातोयस?’ पुन्हा शून्य! इंदुरात जन्म गेलेल्या माणसाने हा प्रश्न घालावा आणि हे उत्तर चुकीचं धरावं, याला काय म्हणायचं? दिवसा तिथे सोन्या-चांदीची दुकानं असतात, ती मिटली की रात्री त्याच ओट्यांपुढे भुट्ट्याचा कीस आणि गराडू (तळलेला कंद). सुनेला घेऊन बांगड्या बघायला जायचंय की पाहुण्यांना खायला न्यायचंय, हे कळल्याशिवाय वेळ सांगणार कशी? तिनं नेमकी तीच गोष्ट विचारली. संदर्भ तुटला होता तो विचारणाऱ्याचा.

मेसेजमधल्या या स्मृतिभ्रंशाच्या मुद्द्यात अर्धं सत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करते. स्मृतिभ्रंशात बोलण्याचा धागा सुटतो, शब्द आठवत नाहीत, गप्पांमागे जाणं जड होतं. पण डॉक्टर एका सकाळच्या उत्तरांवर निदान करत नाहीत. तोच प्रश्न परत परत विचारला जातो का, रोजचा रस्ता चुकतो का, वर्षानुवर्षं सांभाळलेला हिशेब हल्ली जमत नाही का, म्हणजे हे माणूस आधी कसं होतं आणि आता कसं आहे, ते घरच्यांकडून समजून घेतात. म्हणजे संदर्भच विचारतात. शिवाय बी-१२ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य यांनीही असंच दिसू शकतं, आणि त्यांवर उपचार आहेत. आणि कान? कमी ऐकू येणं हे स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या, पण ज्यावर काही करता येतं अशा कारणांत ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२० साली मोजलंय. आत्याला डाव्या कानाने कमी येतं. दादा, प्रश्न कुठल्या बाजूला बसून विचारलेस? इतकी काळजी असेल तर आधी तिला कानाच्या डॉक्टरकडे ने.

नासाचं प्रकरण तर दर दोन-चार वर्षांनी उगवतं. मुळात आहे तो १९८५चा, ‘एआय मॅगझिन’ या कृत्रिम बुद्धिमत्तेवरच्या नियतकालिकातला एक लेख. लिहिणारे रिक ब्रिग्ज तेव्हा नासाच्या एम्स (Ames) संशोधन केंद्रात काम करत. संस्कृत वैयाकरणांची वाक्य उलगडण्याची पद्धत, यंत्राला अर्थ समजावण्याच्या तेव्हाच्या पद्धतीशी जुळते, असा त्यांचा मुद्दा. विभक्तीमुळे शब्द इकडचे तिकडे केले तरी कर्ता-कर्म ओळखू येतात, हेही खरं. पण संदर्भ लागत नाही? हे मम्मटाला सांगून बघा. अकराव्या शतकातल्या या काश्मिरी पंडिताने ‘काव्यप्रकाश’ या काव्यशास्त्रावरच्या ग्रंथाच्या पाचव्या उल्लासात, म्हणजे प्रकरणात, एकच वाक्य घेतलंय: ‘गतोऽस्तमर्कः’, सूर्य मावळला. व्याकरण चोख, शब्दांत कसलीही संदिग्धता नाही. आणि तरी कोणाला ते शत्रूवर तुटून पडायची वेळ झाली असं सांगतं, कोणाला काम थांबवा, कोणाला संध्येला बसा, कोणाला गुरं आत घ्या, कोणाला दुकानातला माल आवरा. प्रियकराची वाट बघणारीला आणखी वेगळंच. कोण बोलतंय, कोणाशी, कुठल्या वेळी, यावर सगळं. अर्थांना अंत नाही, असं तो म्हणतो. (इंदूरकर म्हणेल, चला, सराफा!) ज्या परंपरेने हा विचार इतक्या बारकाईने केला, तिचा अभिमान म्हणून तिच्या बरोबर उलटं तिच्या तोंडी घालायचं, ही कमाल आहे.

राहिलं कोर्ट. १८७२च्या साक्ष कायद्याचं कलम ३९ काढून बघा. एखादं विधान लांब संभाषणाचा तुकडा असेल, तर ते नीट समजायला न्यायालयाला जेवढं आवश्यक वाटेल तेवढं संभाषण पुराव्यात द्यावं लागतं. त्या कायद्याच्या जागी आलेल्या २०२३च्या नव्या साक्ष अधिनियमातही ही तरतूद ठेवलीय. आमच्या ग्रुपवर हा मेसेज सर्वांत आधी टाकला तो वकिली करणाऱ्या भावोजींनी.