मोकळा वेळ आणि मारिएनथाल

नोकरी गेलेल्यांनी समुपदेशन घ्यावं, असं सांगणारा लेख वाचला. पण 'वेळ मिळालाय तर वाचा, छंद जोपासा' हा त्यातला सल्ला काही पटला नाही. जागतिक महामंदीत व्हिएन्नाजवळच्या मारिएनथालमधली कापड गिरणी बंद पडली आणि जवळजवळ सगळं गाव बेकार झालं. समाजमानसशास्त्रज्ञ मारी याहोदा आणि सहकाऱ्यांनी १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे पाहणी केली. वाचनालयाची वर्गणी माफ, वेळच वेळ, तरी पुस्तकं नेणं जवळपास निम्म्यावर आलेलं! पुरुष रस्त्यात सारखे थांबत, रेंगाळत. बायका मात्र झपाझप चालत, कारण घरकामातून त्यांची सुटका नव्हतीच. (आपल्या गिरणगावात १९८२च्या संपानंतर कित्येक घरं बायकांनीच खानावळी चालवून, धुणीभांडी करून तगवली, तेही आठवलं.)

समुपदेशन हवंच, नाही कोण म्हणतंय? पण हप्ते थकलेल्या माणसाला आधी पैसा लागतो. ईएसआयच्या (कर्मचारी राज्य विमा) अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत बेकारांना सरासरी पगाराच्या निम्मी रक्कम मिळते, तीही जास्तीत जास्त ९० दिवस. त्यात ईएसआयची पगारमर्यादा महिना २१ हजार. म्हणजे आयटीतले बहुतेक जण बाहेरच. त्यांनी कुठे जायचं, यावर लेखात एक ओळ तरी हवी होती.