निवेदक खोटं बोलला का?

नमस्कार. सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. (इतरांसाठी: पुढे खुनी कोण ते उघड केलेलं आहे. पुस्तक वाचायचं असेल तर इथेच थांबा.)

अगाथा ख्रिस्तीच्या 'द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड'चं मी केलेलं कौतुक तुम्हाला अर्धंच पटलं. सुरुवात आवडली, डॉक्टरची चौकस बहीण कॅरोलाइन तर फारच आवडली. पण मध्यभाग रेंगाळला आणि गोष्ट सांगणारा डॉक्टर शेपर्डच खुनी निघाल्यावर फसवल्यासारखं वाटलं, असं तुम्ही म्हणता. ज्याच्या डोळ्यांनी सगळं बघायचं तोच लपवाछपवी करणार असेल, तर वाचकाने तर्क लढवायचा कशाच्या जोरावर, हा तुमचा प्रश्न. तो रास्तच आहे. १९२६ साली कादंबरी आली तेव्हाही यावरून वाद झाला होता.

गुप्तहेराच्या सोबत्याने (इथे शेपर्डने) मनातलं वाचकापासून लपवू नये, हा नियम तुम्ही सांगितलात. रहस्यकथालेखक रोनाल्ड नॉक्सने तो लिहिला १९२९ मध्ये, म्हणजे या पुस्तकानंतर. पण तारखेचा आधार घेऊन मला सुटका करून घ्यायची नाही. मूळ प्रश्न उरतोच: शेपर्ड आपल्याशी खोटं बोलतो का?

खुनाच्या रात्रीचा प्रसंग पुन्हा काढून बघा. आठ चाळीसला पत्र (मिसेस फेरर्सचं, तिला धमकावून पैसे उकळणाऱ्याचं नाव असलेलं) आलं आणि आठ पन्नासला आपण अ‍ॅक्रॉइडच्या खोलीतून निघालो, तेव्हा ते वाचायचं राहिलेलंच होतं, असं शेपर्ड सांगतो. दाराच्या मुठीवर हात ठेवून तो क्षणभर थांबतो, मागे वळून बघतो, काही करायचं राहिलं तर नाही ना, असा विचार करतो. यातला शब्द न् शब्द खरा आहे. मधल्या दहा मिनिटांत काय झालं, एवढंच तो सांगत नाही. ती दहा मिनिटं आपल्या डोळ्यांसमोर छापलेली आहेत आणि आपण त्यांच्यावरून सरळ पुढे जातो. मी याला फसवणूक म्हणणार नाही. त्याने धडधडीत खोटं लिहिलं असतं, तर मी तुमच्या बाजूने उभा राहिलो असतो.

दुसरा दुवाही तसाच उघड्यावर आहे. साडेनऊला बंद दाराआडून अ‍ॅक्रॉइडचा आवाज ऐकू येतो. त्याची भाषा आठवते? हल्ली पैशाच्या मागण्या इतक्या वाढल्या आहेत की आपली विनंती मान्य करता येत नाही, अशा थाटाची. समोर बसलेल्या माणसाशी कोणी असं बोलतं का? ही पत्राच्या मजकुराची भाषा आहे. तो आवाज डिक्टाफोनचा, म्हणजे आधी मुद्रित केलेलं बोलणं ऐकवणाऱ्या यंत्राचा होता, हे गुप्तहेर पॉयरोला कळतं ते अशाच बारकाव्यांवरून. यंत्राची योजना मला स्वतःला जरा जुळवून आणलेली वाटते, पण दुवा चोख आहे.

मध्यभागाबद्दल मात्र मी अजिबात मागे हटणार नाही. माहजाँगचं (सोंगट्यांच्या चिनी खेळाचं) प्रकरण तुम्हाला नुसत्या गावगप्पा वाटलं. त्यात शेपर्ड काय करतो ते बघा. याच्याकडे सांगण्यासारखं कधीच काही नसतं, असं कॅरोलाइन त्याला डिवचते. मग अगदी दुर्मीळ असा डाव हाती येतो आणि त्या धुंदीत पॉयरोला सापडलेल्या अंगठीची गोष्ट तो सगळ्यांसमोर बोलून टाकतो. थंड डोक्याच्या या माणसाला आपल्याला काय ठाऊक आहे ते मिरवण्याचा मोह आवरत नाही. त्याच मोहापायी तो ही हकिगत लिहायला बसला, पॉयरोचं अपयश नोंदवून ठेवायला! ते प्रकरण काढलं तर खुन्याने हे सगळं लिहिलंच का, याचं उत्तर हरवतं.

शेवटाबद्दल तुम्ही जे ओझरतं लिहिलंत ते मला सर्वांत महत्त्वाचं वाटलं. पॉयरो शेपर्डला एक रात्र देतो आणि झोपेच्या औषधाचा मार्ग सुचवतो, तेही कॅरोलाइनचा विचार करून. तुम्हाला ते खटकलं. मलाही खटकतं. अ‍ॅक्रॉइडचा सावत्र मुलगा राल्फ पेटन याच्यावरचा संशय शेपर्डच्या कबुलीने दूर होईल, हे खरं. पण पॉयरोने परस्पर असा निवाडा करावा, हे मला पटत नाही. आणि जिच्यासाठी हे सगळं चाललंय, त्या कॅरोलाइनला काय हवं असतं, हे तिला कोणीच विचारत नाही.