बर्मिंगहॅमची शेगडी आणि मुंबईची भट्टी

मुंबईच्या बिघडलेल्या हवेची स्वतःहून दखल घेत मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये आदेश दिला की, लाकूड आणि कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांच्या भट्ट्या सहा महिन्यांत गॅस किंवा अन्य स्वच्छ इंधनावर नेल्या जाव्यात आणि यापुढे नव्या बेकऱ्यांना स्वच्छ इंधनाच्या अटीवरच परवानगी मिळावी. त्यानंतर इराणी बेकरीचा पाव, त्याची चव, त्याची किंमत आणि शेजाऱ्यांची फुप्फुसे यांवर जी चर्चा सुरू झाली, ती मी इथे बर्मिंगहॅममध्ये बसून वाचत आलो आहे. योगायोगाने याच काळात इथल्या ओळखीच्या मराठी कुटुंबांमध्ये उलट्या दिशेचा प्रश्न वारंवार विचारला जातो. युक्रेनच्या युद्धानंतर गॅस महागला, म्हणून बैठकीच्या खोलीत लाकडावर चालणारी बंद शेगडी, म्हणजे इथल्या बोलण्यातला लॉग बर्नर, बसवावी का आणि बसवायची तर कोणती? एकाच धुराविषयीचे हे दोन प्रश्न मला एकमेकांपासून वेगळे ठेवता येत नाहीत.

संपूर्ण बर्मिंगहॅम शहर धूर-नियंत्रण क्षेत्रात मोडते. या व्यवस्थेचे मूळ लंडनमध्ये ५ ते ९ डिसेंबर १९५२ या पाच दिवसांत साचलेल्या धुरक्यात आहे. त्या वेळी मृतांचा अंदाज सुमारे ४,००० होता. पुढच्या अभ्यासांनी तो १२,००० पर्यंत नेला. ह्यू बीव्हर यांच्या समितीने चौकशी केली आणि १९५६ मध्ये स्वच्छ हवा कायदा झाला. या कायद्याचा बंदीचा भाग सर्वांना आठवतो, पण त्यातली पैशांची तरतूद फारशी सांगितली जात नाही. धूर-नियंत्रण क्षेत्र जाहीर झाले की तिथल्या जुन्या घरांना कोळशाची शेगडी बदलण्यासाठी येणाऱ्या खर्चाचे किमान सात दशांश सार्वजनिक निधीतून परत मिळत. त्यातले चार दशांश केंद्र सरकार देई, तीन दशांश नगरपालिका, आणि उरलेले तीन दशांश घरमालकाने सोसायचे. कायद्याने लोकांना चूल बदलायला सांगितले आणि त्याच कायद्याने बदलाच्या बिलातला मोठा वाटा स्वतः उचलला. ही गोष्ट मनात ठेवून मी मुंबईच्या बातम्या वाचतो.

आता शेगडीच्या निवडीकडे येऊ. इंग्लंडमधल्या धूर-नियंत्रण क्षेत्रात लाकूड हे मान्यताप्राप्त इंधन नाही. ते जाळायचे तर पर्यावरण खात्याने, म्हणजे डेफ्राने, सूट दिलेल्या यादीतल्या शेगडीतच जाळावे लागते. उघड्या फायरप्लेसमध्ये ओंडके पेटवणे या क्षेत्रात नियमबाह्य आहे. धुराड्यातून धूर निघताना आढळला तर १७५ ते ३०० पौंडांचा दंड होऊ शकतो आणि सूट नसलेल्या शेगडीसाठी अमान्य इंधन विकत घेतल्यास तो १,००० पौंडांपर्यंत जाऊ शकतो. दुकानात मात्र 'इकोडिझाइन' हा शिक्का अधिक ठळकपणे दाखवला जातो आणि अनेकांची समजूत होते की तो असला की काम झाले. हे दोन वेगळे निकष आहेत. इकोडिझाइन हा १ जानेवारी २०२२ पासून नव्याने विक्रीला येणाऱ्या सर्व शेगड्यांना लागू असलेला नियम आहे आणि तो कण, कार्बन मोनॉक्साइड, नायट्रोजन ऑक्साइड आणि कार्यक्षमता यांच्या मर्यादा ठरवतो. डेफ्राची सूट ही शहरात लाकूड जाळण्याची परवानगी आहे. शहरात राहणाऱ्याने दोन्ही तपासावेत, आणि नेमक्या मॉडेलचे नाव यादीत आहे की नाही, हे विक्रेत्याच्या शब्दावर न सोडता स्वतः पाहावे.

सूट मिळालेली शेगडी वेगळी कशी असते, हे समजले तर ती वापरायची कशी, हेही आपोआप समजते. लाकूड तापले की त्यातून वायू बाहेर पडतात आणि लाकडातल्या ऊर्जेचा निम्म्याहून मोठा भाग या वायूंमध्ये असतो. ते जळण्यासाठी सुमारे ६०० अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त तापमान आणि योग्य जागी पुरेशी हवा लागते. यांपैकी एक जरी कमी पडले तरी न जळलेले वायू धूर, काजळी आणि डांबरट थर होऊन धुराड्यात चढतात. आपल्याकडच्या तांब्याच्या बंबात हवा फक्त खालच्या जाळीतून येते आणि वरचा जाळ भोवतीच्या गार पाण्याला टेकून विझू लागतो, म्हणून बंब पेटवताना अंगण धुराने भरते. चांगल्या शेगडीत याच्या उलट योजना असते. तिच्या भिंतींना उष्णता धरून ठेवणारे व्हर्मिक्युलाइट या खनिजाचे तक्ते असतात, काचेवरून गरम हवेचा पडदा खाली उतरतो आणि मागच्या बाजूच्या बारीक छिद्रांतून आणखी हवा थेट ज्वाळेच्या वरच्या भागात सोडली जाते. शिवाय तिचा हवेचा दट्ट्या पूर्ण बंद होत नाही. निर्मात्याने तिथे एक अडथळा बसवलेला असतो, जेणेकरून रात्रभर आग धुमसत ठेवण्याची सोयच राहू नये. काही जण हा अडथळा काढून टाकतात. तसे करणाऱ्याने परवानगीचा आधारच काढून टाकलेला असतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

सर्वांत जास्त चुकीची निवड आकाराच्या बाबतीत होते. पाच मीटर लांब, चार मीटर रुंद आणि २.४ मीटर उंच खोलीचे घनफळ ४८ घनमीटर भरते. ढोबळ ठोकताळ्याप्रमाणे त्याला १४ ने भागले तर शेगडीची लागणारी शक्ती साधारण साडेतीन किलोवॉट येते आणि घर जुने, गळके असेल तर १० ने भागून पावणेपाच. म्हणजे इथल्या बहुतेक बैठकीच्या खोल्यांना चार ते पाच किलोवॉटची शेगडी पुरते. तरीही 'असू द्यावी जरा मोठी' या हिशोबाने आठ किलोवॉटची घेतली जाते, तासाभरात खोली असह्य तापते, मग हवा कमी करून जाळ मंद ठेवला जातो, आणि मंद जाळ म्हणजेच धूर. या बाबतीत कमी शक्तीची, पूर्ण जोमाने जळणारी शेगडी मोठ्या पण गुदमरलेल्या शेगडीपेक्षा निःसंशय चांगली. बसवण्याचे काम हेटास या संस्थेकडे नोंदणी असलेल्या कारागिराकडून करून घ्यावे, धुराड्यात नवी नळी घालावी लागेल का हे त्याला विचारावे, कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे यंत्र खोलीत लावावे आणि वर्षातून किमान एकदा धुराडे झाडून घ्यावे.

इंधनाकडे दुर्लक्ष झाले तर वरची सारी काळजी वाया जाते. ताज्या तोडलेल्या लाकडात वजनाच्या जवळजवळ निम्मे पाणी असू शकते. ते वाफेत घालवण्यात आगीची ताकद खर्च होते आणि तापमान ६०० अंशांच्या आसपासही पोहोचत नाही. म्हणून १ मे २०२१ पासून इंग्लंडमध्ये दोन घनमीटरपेक्षा कमी प्रमाणात विकल्या जाणाऱ्या लाकडावर 'रेडी टू बर्न' प्रमाणपत्र असावे लागते, म्हणजेच त्यातली आर्द्रता २० टक्के किंवा कमी असावी लागते. घरी आर्द्रता मोजायची तर ओंडका फोडून आतल्या ताज्या बाजूवर मापक टोचावा, कारण बाहेरची साल लवकर वाळते आणि फसवते. रंगवलेले, पॉलिश केलेले किंवा वाळवीविरोधी औषध मारलेले लाकूड मात्र कितीही कोरडे असले तरी शेगडीत घालू नये. त्यातून शिसे आणि आर्सेनिकसारखी विषे हवेत जातात.

हे वाक्य लिहिताना मला मुंबईच्या भट्ट्या आठवतात. अनेक बेकऱ्या जुने फर्निचर, दारे-खिडक्या आणि प्लायवूडचे तुकडे जाळतात, कारण ते सरळ लाकडापेक्षा स्वस्त मिळतात. चर्चेत 'लाकडाच्या भट्टीची चव' असे म्हटले जाते तेव्हा डोळ्यांसमोर आंबा-बाभळीची फाटी असतात. प्रत्यक्षात आत जाते ते डिंक, रंग आणि लॅमिनेट चिकटलेले भंगार. पावाच्या परंपरेची बाजू घेणाऱ्यांनी निदान या इंधनाची बाजू घेऊ नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. भंगार लाकडावरची बंदी आजच्या आज कठोरपणे राबवता येईल. त्यासाठी गॅसच्या जोडणीची वाट पाहावी लागत नाही.

मात्र योग्य शेगडी आणि कोरडे लाकूड असले तरी प्रश्न संपत नाही. इंग्लंडचे मुख्य वैद्यकीय अधिकारी क्रिस विटी यांच्या २०२२ च्या वार्षिक अहवालात विविध हीटिंग साधनांची तुलना होती. इकोडिझाइन शेगडीतूनही गॅसच्या हीटिंगच्या सुमारे ४५० पट पीएम २.५, म्हणजे फुप्फुसात खोल जाणारे अतिसूक्ष्म कण, बाहेर पडतात, असे त्यातून दिसले. ब्रिटनमधल्या या कणांच्या थेट उत्सर्जनात घरगुती लाकडाचा वाटा मोठा आहे. १९५६ चा कायदा डोळ्यांना दिसणाऱ्या काळ्या धुरासाठी लिहिला गेला; आजचा घातक कण दिसत नाही, आणि धुराड्याचे तोंड स्वच्छ दिसले म्हणून शेजारच्या दमेकरी मुलाच्या खोलीतली हवा स्वच्छ ठरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये पीएम २.५ ची वार्षिक मर्यादा प्रति घनमीटर १० वरून ५ मायक्रोग्रॅमवर आणली. इंग्लंडने स्वतःसाठी २०४० पर्यंत १० चे उद्दिष्ट ठेवले आहे. भारताचे मानक अजून ४० आहे.

म्हणून मला विचारणाऱ्यांना मी हेच सांगतो की, एकमेकांना खेटून उभ्या असलेल्या घरांच्या ओळीत राहत असाल आणि घरात चालू गॅस हीटिंग असेल तर शेगडी बसवू नका. तेच पैसे खिडक्या आणि माळ्याच्या उष्णतारोधनावर खर्च करा. नोव्हेंबर २०२१ मध्ये अर्वेन वादळाने उत्तर इंग्लंड आणि स्कॉटलंडमधल्या काही घरांची वीज आठवड्याहून अधिक काळ गेली होती. अशा दुर्गम गावात राहणाऱ्याची गरज वेगळी आहे आणि त्याच्या शेगडीला मी विरोध करणार नाही. शहरातल्या संध्याकाळच्या शोभेसाठी लावलेला जाळ मात्र गरज नाही.

गरज आणि हौस हा भेद मायदेशातल्या चर्चेतही हवा. महाराष्ट्रातल्या खेड्यात चुलीपुढे बसणाऱ्या बाईसमोर निवडीचा प्रश्न नव्हताच. १९८० च्या दशकात सुरू झालेला सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम अनुदानाच्या आकड्यांमागे धावला आणि धुराडी तुंबल्यावर ती साफ कोण करणार, याकडे त्याने पाहिले नाही. 'निर्धूर चूल' कित्येक घरांत काही वर्षांत पुन्हा धुराची झाली. पुण्याच्या 'आरती' संस्थेने उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याचे तंत्र आणि मूठभर कांडीकोळशावर स्वयंपाक करणारा सराई कुकर देऊन दाखवून दिले की, वापरणाऱ्याच्या हाताशी काय आहे हे पाहून इंधन आणि चूल यांचा एकत्र विचार करता येतो. २०१६ च्या उज्ज्वला योजनेने सिलिंडर घरात आणला, पण भरलेल्या सिलिंडरची किंमत परवडत नाही त्या महिन्यात बाई चुलीकडे परतते, आणि त्याबद्दल तिला दोष देण्याचा अधिकार आपल्यापैकी कोणालाही नाही.

शहरातला हौशी शेगडीवाला आणि खेड्यातली चुलीपुढची बाई, या दोघांच्या मधे बेकरीवाला उभा आहे. त्याच्यासाठी भट्टी म्हणजे हौस नाही, पोट आहे. पण त्याचा धूर दाट वस्तीत, पहाटे, हवा स्थिर असताना सुटतो आणि वरच्या मजल्यावर झोपलेल्या माणसाच्या छातीत जातो. म्हणून भट्टी बदलली पाहिजे, या मूळ निर्णयाच्या मी पूर्ण बाजूने आहे, आणि चव हा मला त्याविरुद्धचा पुरेसा युक्तिवाद वाटत नाही. मात्र विटांची भट्टी मोडून नवी उभारणे, चिंचोळ्या गल्लीतल्या जुन्या इमारतीत गॅसची जोडणी आणणे आणि तोवर धंदा बंद ठेवणे, हा सगळा भार सहा महिन्यांत एकट्या मालकाने उचलावा, ही अपेक्षा मला न्याय्य वाटत नाही. वडापाव खाऊन दिवस काढणाऱ्या माणसापर्यंत तो भार पावाच्या किमतीतून पोहोचणारच. महापालिकेने १९५६ च्या त्या सात दशांशांसारखा वाटा लहान बेकऱ्यांसाठी जाहीर करावा, जोडणीचे अर्ज एका खिडकीवर घ्यावेत आणि अर्ज करूनही जोडणी न मिळालेल्या बेकरीला मुदत ओलांडल्याबद्दल दंड करू नये. वस्तीतल्या रहिवाशांनीही फक्त तक्रारी न करता, हा निधी अंदाजपत्रकात दिसावा म्हणून आपल्या नगरसेवकाकडे आग्रह धरावा.