क्रॉसफीडने विमान वाचवलं? उलट, तिथेच इंधन गेलं

एअर ट्रान्सॅट या कॅनडाच्या विमान कंपनीच्या 236 क्रमांकाच्या उड्डाणाची गोष्ट सगळीकडे फॉरवर्ड होत असते. 24 ऑगस्ट 2001, टोरांटोहून लिस्बनला निघालेलं एअरबस ए330, अटलांटिकवर इंधन संपलं, तरी 306 पैकी एकही जीव गेला नाही. इथपर्यंत खरं. पुढचे चार दावे मात्र तपासून घ्यायला हवेत.

'कंपनीने पैसे वाचवायला इंधन कमी भरलं.' साफ खोटं. नियमाने लागतं त्याहून काही टन जास्तच होतं. उजवं इंजिन थोड्याच दिवसांपूर्वी बदललं होतं. त्यावर नव्या रचनेचा हायड्रॉलिक पंप (द्रवाच्या दाबाने विमानाची नियंत्रणं हलवणाऱ्या यंत्रणेचा) बसवला, त्याच्याशी न जुळणारी जुन्या रचनेची हायड्रॉलिक नळी लावली, आणि ती इंधनाच्या नळीवर घासत राहिली. शेवटी इंधनाची नळी फुटली. कंपनीला बोल लावायचाच तर तो इथे लावा.

'विमानाने काहीच इशारा दिला नाही.' अर्धसत्य. 'इंधन गळतंय' असं थेट सांगणारी सूचना तेव्हा त्या विमानात नव्हती, हे मान्य. पण गळती सुरू झाल्यावर उजव्या इंजिनाच्या तेलाचं तापमान उतरलं आणि दाब चढला. कारण फुटक्या नळीकडे वेगाने धावणारं थंड इंधन वाटेत तेलही थंड करत होतं. आता तेलाचा काटा पाहून इंधनाची शंका कोणाला येणार? शिवाय शेपटीच्या टाकीतलं इंधन आपोआप उजव्या पंखात आलं आणि तिथली तूट बराच वेळ झाकली गेली. दोन पंखांतला फरक पडद्यावर आला तेव्हा पहिल्या खुणेला अर्धा तास झाला होता.

'पायलटांनी लगेच क्रॉसफीड उघडून डावीकडचं इंधन उजवीकडे घेतलं, म्हणून विमान तरलं.' हा दावा सगळ्यात धोकादायक, कारण ऐकायला तो शहाणपणाचा वाटतो. क्रॉसफीड म्हणजे एका पंखातलं इंधन दुसऱ्या बाजूच्या इंजिनाला देणारी झडप. दोन पंखांतल्या इंधनाचं निव्वळ असंतुलन असेल तर क्रॉसफीड हाच उपाय. पण इथे नळी इंजिनापाशी फुटली होती. क्रॉसफीड उघडताच डाव्या पंखातलं चांगलं इंधनही त्याच वाटेने बाहेर जाऊ लागलं. फुटक्या घागरीत भरलेली घागर रिकामी करण्यातलाच प्रकार. असंतुलनाच्या चेकलिस्टमध्ये सावधगिरीची ओळ होती: गळतीची शंका असेल तर हे करू नका, गळतीची कार्यपद्धती बघा. क्रूने चेकलिस्ट न काढता पाठ असलेली कृती केली. आकडे इतके झपाट्याने उतरत होते की कॉम्प्युटरच चुकतोय असंही त्यांना वाटलं.

खरं तर हिशोब साधा असतो. टाक्यांत उरलेलं अधिक इंजिनांनी जाळलेलं, ही बेरीज निघताना होतं तेवढी यायला हवी. ती कमी भरली तर इंधन विमानाबाहेर गेलंय. मध्यरात्री, समुद्रावर, दोन पडद्यांवरचे आकडे जुळवताना हे सुचणं मात्र सोपं नाही, म्हणून मी क्रूला मूर्ख म्हणणार नाही. लिस्बनचा नाद सोडून त्यांनी वेळेवर अटलांटिकमधल्या अझोर्स बेटांवरच्या लाजेस हवाई तळाकडे वळण घेतलं. सगळे वाचले ते त्या निर्णयामुळे.

'दोन्ही इंजिनं बंद म्हणजे विमान दगडासारखं कोसळतं, हा निव्वळ चमत्कार.' छे. दुसरं इंजिन थांबलं तेव्हा लाजेस सुमारे 65 सागरी मैलांवर होतं आणि विमान तीस हजार फुटांच्या बरंच वर. वाऱ्यावर फिरणाऱ्या छोट्या टर्बाइनने गरजेपुरती वीज आणि हायड्रॉलिक दाब दिला. जवळपास 19 मिनिटं विमान तरंगत खाली आलं. उतरताना टायर फुटले, घाईने विमानाबाहेर पडताना 18 जण जखमी झाले, त्यातले दोघे गंभीर. आणि धावपट्टीजवळ पोचल्यावर कॅप्टन रोबेर पिशे यांच्यापुढे प्रश्न उंची कमी पडण्याचा नव्हता. ती जास्त होती. ती घालवायला त्यांना एक पूर्ण वळसा घ्यावा लागला.