आईचं औषध आणि ब विंगचे नार्कोटिक्स इन्स्पेक्टर

"ब विंगमध्ये अंमली पदार्थ?"

काल दुपारी सोसायटीच्या ग्रुपवर हा मेसेज. खाली फोटो. फोटोत माझ्या आईच्या औषधाचं खोकं, त्यावर तिचं नाव, फ्लॅट नंबर, शेजारी वैद्यांची चिठ्ठी, सगळं स्वच्छ वाचता येतंय. आणि वाक्याच्या शेवटी ते प्रश्नचिन्ह. खरं सांगते, बाकी कशापेक्षा त्या प्रश्नचिन्हाने माझं डोकं फिरलं. सरळ आरोप करा ना! पण नाही, आमचे सेक्रेटरी पडले सभ्य गृहस्थ. ते आरोप करत नाहीत, ते 'सभासदांच्या निदर्शनास आणून देतात'.

कुरियरवाल्याने खोकं गेटवर दिलं, वॉचमनने नेहमीसारखं ऑफिसात ठेवलं आणि या महाशयांनी ते उघडलं. विचारलं तर म्हणे, "कोपऱ्यात आधीच फाटलेलं होतं." असेल. पण कोपऱ्यातल्या भोकातून आतलं पत्रक आपण होऊन बाहेर येतं, घड्या उलगडतं आणि टेबलावर सपाट झोपून फोटो काढून घेतं, हे मला नवीन आहे. पत्रकावर दोनच घटक: विजया पत्र आणि तिळाचं तेल. विजयाच्या पुढे बारीक अक्षरात लॅटिन नाव, कॅनाबिस सटायव्हा, म्हणजे भांग-गांजाचं झाड. झालं! तिळाचं तेल कोणाला दिसलं नाही. 'वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे' हे ठळक छापलेलं दिसलं नाही. कंपनीचा आयुर्वेदिक औषधाचा परवाना क्रमांक दिसला नाही. कॅनाबिस मात्र चष्मा न लावता दिसलं.

मग ग्रुपवर जे सुरू झालं ते तुम्हाला सांगायची गरज नाही, तुमच्याही ग्रुपवर तीच माणसं आहेत. एकाने शंकराचा फोटो टाकून 'बम बम भोले'. एकाने 'आम्हालाही प्रसाद द्या'. तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी 'तरुण पिढी आणि व्यसनाधीनता' हा फॉरवर्ड, जो ते दर पंधरवड्याला टाकतातच, यावेळी निमित्त मिळालं. आणि एक वहिनी, "सोसायटीत लहान मुलं आहेत हो." मुलं आहेत म्हणजे? माझी अडुसष्ट वर्षांची आई, जी जिना उतरताना दोन पायऱ्यांवर थांबते, ती खाली बागेत जाऊन पोरांना थेंब विकणार आहे?

आई स्वतः त्या ग्रुपवर आहे. तिने सगळं वाचलं. संध्याकाळी मी आत गेले तर चष्मा पुसत म्हणाली, "मी आता गंजेडी झाले का गं?" आणि हसली. ती हसली म्हणून मी जास्त भडकले.

तिचं केमो असं आहे की गार वस्तूला हात लावला की बोटांत करंट बसतो. फ्रिजचं दार मी उघडते. स्टीलचा तांब्या तिने सोडलाय, पाणी कोमट आणि प्लास्टिकच्या मगातून. भात पुढे आला की वासानेच उलटी. आता रात्री चार थेंब जिभेखाली घेतले की झोप लागते आणि सकाळी अर्धी पोळी जाते. बस, एवढंच. चमत्कार नाही, गाठ वितळली नाही, कोणी असा दावाही केला नाही. अर्धी पोळी.

आणि हे शिकवणार आम्हाला नशामुक्ती! मागच्या होळीला याच सोसायटीच्या गच्चीवर थंडाईचे दोन पिंप होते, एक मुलांसाठी आणि एक 'मोठ्यांसाठी'. मोठ्यांच्या पिंपाजवळ पळी घेऊन कोण उभं होतं, ते सेक्रेटरींनी सभासदांच्या निदर्शनास आणून द्यावं. एकतीस डिसेंबरचं तर बोलायलाच नको. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये जे सापडलं ते आमच्या कामवाल्या मावशींनी धुतलं.

बरं, दारूचं आपल्याकडे किती सुंदर आहे बघा. महाराष्ट्रात दारू प्यायला परवाना लागतो, एक दिवसाचा किंवा आयुष्यभराचा, आणि तो कागदोपत्री दिला जातो कशासाठी? तर परवानाधारकाचं आरोग्य राखण्यासाठी. विनोद नाही करत, परवाना हातात घेऊन वाचा. तब्येतीसाठी क्वार्टर मारणारा माणूस कायद्याने सज्जन, आणि केमोच्या ओकाऱ्यांवर तेलाचे थेंब घेणारी बाई 'निदर्शनास आणून देण्याजोगी'. ज्या १९४९ च्या दारूबंदी कायद्यावर हे परवान्याचं नाटक चालतं, त्याच कायद्यात भांगसुद्धा कोंबलेली आहे.

उलट केंद्राचा एनडीपीएस कायदा, म्हणजे अंमली पदार्थविरोधी कायदा, म्हणतो की गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे, नुसतं पान आणि बी त्यात येत नाही. म्हणून राजस्थानात, उत्तर प्रदेशात भांगेची सरकारमान्य दुकानं पाटी लावून बसलीत. दिल्लीच्या कायद्यात पान सुटलं, मुंबईच्या कायद्यात अडकलं. मग हे तेल दुसऱ्या राज्याच्या परवान्यावर तिथे बनतं आणि वैद्यांच्या चिठ्ठीवर कुरियरने इथे येतं, तेव्हा वाटेत नेमक्या कुठल्या टोलनाक्यावर ते औषधाचं अंमली पदार्थ होतं? कोणी सांगेल?

आणि एनडीपीएसला उगाच बदनाम करू नका. त्या कायद्याच्या कलम ८ मध्येच वैद्यकीय आणि शास्त्रीय कारणाची वाट १९८५ पासून उघडी आहे. कलम १० ने तर राज्यांच्या हातात किल्लीच दिलीय. लागवड, वाहतूक, विक्री, वापर, सगळ्याचे नियम राज्य सरकारने करायचे. करा ना मग! उत्तराखंडाने २०१८ मध्येच औद्योगिक हेम्पच्या (याच झाडाची, नशा जवळजवळ नसलेली जात) लागवडीला परवाना दिला. हिमाचलच्या विधानसभेने सप्टेंबर २०२४ मध्ये औषधी आणि औद्योगिक लागवडीचा अहवाल स्वीकारला, जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या मंत्रिमंडळाने पालमपूर आणि नौणीच्या विद्यापीठांकडे प्रायोगिक काम सोपवलं. जम्मूत सीएसआयआरची सरकारी संस्था परवाना काढून हे झाड वाढवतेय, कॅन्सरच्या वेदनांवर आणि अपस्मारावर औषध काढायला. आणि आपलं पुरोगामी महाराष्ट्र राज्य काय करतंय? पुरोगामी आहे, एवढंच करतंय.

अहो, ज्या १९८५ साली आपण हा कायदा आणला त्याच साली अमेरिकेत केमोच्या ओकाऱ्यांवर ड्रोनाबिनॉल मंजूर झालं. याच झाडातलं नशेचं द्रव्य, प्रयोगशाळेत बनवलेलं, कॅप्सूलमध्ये भरलेलं. त्यानंतर चाळीस वर्षं गेली. इथे अजून चर्चा कसली, तर बम बम भोले.

२०२० आठवतंय? टीव्हीवर रोज रात्री कोणाच्या तरी फोनमधले चॅट वाचून दाखवत होते, अँकर पट्टेवाल्यासारखे ओरडत होते, अख्खा देश गांजाच्या दोन-पाच ग्रॅमचा हिशोब करत बसला होता. त्याच वर्षी डिसेंबरात व्हिएन्नामध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगात गांजाला सगळ्यात घातक पदार्थांच्या यादीतून काढायचं मतदान झालं. २७ विरुद्ध २५. भारताने कोणत्या बाजूने मत दिलं? काढायच्या बाजूने! तिकडे हात वर, इकडे हातकड्या. यावर एका तरी चॅनेलने रात्रीचं युद्ध पेटवलं का?

डॉक्टरांचंही ऐका. आईच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना मी तेलाचं आधी सांगितलं, कारण इतर गोळ्यांशी भांडण व्हायला नको. ते खुर्चीत मागे रेलले आणि म्हणाले, "मी हो म्हणत नाही, नाही पण म्हणत नाही. मी ऐकलंच नाही असं समजा." फी मात्र ऐकून घेतल्याची लावली. चिडू तरी किती, त्या बिचाऱ्यालाही कोणी नियम लिहून दिलेला नाही.

आणि हे गांजाचंच आहे असं थोडीच आहे. मॉर्फिनचं, अफूतून काढलेल्या त्या जबर वेदनाशामकाचं काय झालं? २०१४ मध्ये हाच एनडीपीएस कायदा सुधारला, रुग्णालयाला राज्याच्या एकाच खात्याची मान्यता पुरेल असं केलं, आधी चार दारं ठोठवावी लागायची. त्यानंतर काही वर्षांनी माझा धाकटा काका जबड्याच्या कॅन्सरने गेला. जिल्ह्याच्या गावातलं बरं म्हणावं असं हॉस्पिटल, पण मॉर्फिन ठेवत नाहीत. का? "रजिस्टरची कटकट असते हो." काका उशी चावायचा. मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात सरकार स्वतः अफू पिकवून घेतं, नीमच आणि गाझीपूरला सरकारी कारखाने आहेत, आणि आमच्या काकाला पॅरासिटामॉल. रजिस्टरची कटकट!

आता या बाजूच्या शहाण्यांकडेही वळते, नाहीतर त्यांना वाटेल मी त्यांच्या पार्टीतली. 'गांजाने कॅन्सर मुळापासून बरा होतो, औषध कंपन्या लपवतात' असे व्हिडिओ पाठवणाऱ्यांनो, तुमच्यामुळे खरं बोलणाऱ्यालाही कोणी उभं करत नाही. माझ्या मावसभावाने असे सात पाठवलेत, केमो थांबवा म्हणतो. त्याला स्वतःला साधी सर्दी झाली की अँटिबायोटिक लागतं. आणि ते हेम्पचा साबण, हेम्पची पिशवी, हेम्पचे लाडू विकणारे गोरेगोमटे 'वेलनेस' वाले. तुमच्या साबणाला सगळीकडे दार उघडं, आमच्या बाटलीचं खोकं फोडतात.

तर मी काल रात्री काय केलं? दीड वाजता ग्रुपवर उत्तर लिहिलं. कलम ८, कलम १०, व्हिएन्ना, १८९३-९४ चा ब्रिटिशांचा भांग आयोग (हजारावर साक्षी घेऊन साहेब म्हणाला होता की बेताने घेतलेल्याचं सहसा काही बिघडत नाही, सरसकट बंदी नको), असं सगळं. फोनच्या स्क्रीनवर तीन वेळा सरकवावं लागतं एवढं. जिने आयुष्यात मेंटेनन्सच्या पावतीची मागची बाजू वाचली नाही, ती मी, अंगावर शाल, हातात रक्तदाबाची गोळी, कायद्याची पोटकलमं टाइप करतेय. सकाळी पाहिलं तर एकच अंगठा. तोही वॉचमनचा. त्याच्याखाली लगेच: 'उद्या पाणी ११ ते ४ बंद राहील.'

मग म्हटलं सरळ सरकारलाच विचारू. रुग्णाने घरात ठेवावं का, किती ठेवावं, कोणता कागद जवळ बाळगावा, एवढं लेखी मिळालं की सेक्रेटरीच्या तोंडावर मारते. पहिल्या खात्यात म्हणाले, औषध आहे ना, मग दुसऱ्या खात्याचं. दुसरे म्हणाले, आयुर्वेदिक आहे ना, मग तिसऱ्यांचं. तिसऱ्या खात्यातल्या बाई छान बोलल्या, चौकशी केली, मग म्हणाल्या, नशेचं आहे ना, मग पहिल्यांचं. पुन्हा पहिल्यांना लावला. तो भला माणूस गप्प राहिला आणि म्हणाला, "ताई, तुम्ही असं करा, लेखी अर्ज द्या."

"कोणाच्या नावाने?"

"ते आम्हालाही बघावं लागेल."

अर्ज टाइप करून ठेवलाय. विषय, संदर्भ, वैद्यांची चिठ्ठी, केमोची फाइल, सगळं जोडलंय. 'प्रति' च्या पुढे काय घालू ते कोणाला नक्की ठाऊक असेल तर सांगा. फक्त तेवढंच सांगा. काढा, ध्यान, गोमूत्र आणि 'सकारात्मक राहा' यातलं काहीही सुचवलंत तर नंबर ब्लॉक करीन.