टायटॅनियम ॲनोड बसवला की खर्च संपला, हे खरे नाही

सोलापुरात चिंचोळी आणि अक्कलकोट रस्ता औद्योगिक वसाहतींतील लघुउद्योजकांच्या व्हॉट्सॲप गटांत सध्या असा एक संदेश फिरत आहे: ‘सर्किट बोर्डाच्या तांबे-प्लेटिंगसाठी टायटॅनियम ॲनोड एकदा बसवा, तांब्याच्या गोळ्यांचा खर्च कायमचा वाचतो, बाथकडे बघावे लागत नाही आणि ॲनोड कधीच झिजत नाही.’ प्लेटिंग म्हणजे विजेच्या साह्याने तांब्याचा थर चढवणे; ॲनोड म्हणजे त्या टाकीत विजेच्या धन टोकाला जोडलेला भाग, आणि बाथ म्हणजे टाकीतील द्रावण. नव्याने या धंद्यात उतरणाऱ्याने केवळ या संदेशाच्या भरवशावर कर्ज काढले, तर त्याचे मोठे नुकसान होईल.

गोळ्यांचा खर्च वाचतो, हा दावा सर्वांत दिशाभूल करणारा आहे. नेहमीच्या पद्धतीत तांब्याचे गोळेच ॲनोड असतात; ते विरघळतात आणि बोर्डावर चढलेल्या तांब्याची भरपाई करतात; टायटॅनियम विरघळत नाही, त्यामुळे बोर्डावर बसणारे सगळे तांबे द्रावणातूनच जाते. एका अँपिअर-तासाला सुमारे १.१९ ग्रॅम तांबे बसते, म्हणजे १०० अँपिअरवर १० तास काम चालले की सुमारे १.१९ किलो तांबे कमी होते. त्याच वेळी ॲनोडवर पाण्याचे विघटन होऊन ऑक्सिजन सुटतो आणि सुमारे १.८ किलो सल्फ्युरिक आम्ल वाढते. हा तोल सावरण्यासाठी जवळपास दीड किलो शुद्ध कॉपर ऑक्साइड वेगळ्या टाकीत विरघळवून, गाळून बाथमध्ये सोडावे लागते, आणि त्याचे बिल दर महिन्याला येतेच.

बाथकडे बघावे लागत नाही, हेही उलटच आहे. सुटणारा ऑक्सिजन ब्राइटनरसारखी (तांब्याला चकाकी आणणारी) सेंद्रिय रसायने जाळतो, त्यामुळे त्यांची मात्रा वारंवार तपासून भरावी लागते. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो, तेव्हा बाथ थंड ठेवावा लागतो. आणि उडून गेलेल्या पाण्याच्या जागी बोअरचे पाणी ओतले, तर लिटरमागे साधारण ५० ते ७० मिलिग्रॅम एवढेच हवे असलेले क्लोराइड हाताबाहेर जाते. तेथे डीएम, म्हणजे क्षार काढलेले पाणीच वापरावे.

न झिजण्याबद्दल थोडक्यात सांगतो. नुसते टायटॅनियम ॲनोड म्हणून कामच करत नाही, कारण त्यावर वीज अडवणारा ऑक्साइडचा थर चढतो. खरे काम त्यावरील इरिडियम आणि टँटलमच्या ऑक्साइडचा काही मायक्रॉन जाडीचा लेप करतो, आणि तो झिजतो. फ्लोराइड आणि उलटा प्रवाह त्याचे आयुष्य आणखी घटवतात. प्रवाह तोच असताना रेक्टिफायरवरील (टाकीला डीसी वीज पुरवणाऱ्या यंत्रावरील) व्होल्टेज हळूहळू चढू लागले, तर लेप संपत आल्याची शंका घ्यावी.

ॲनोडचा आकार आणि त्याचे बोर्डापासूनचे अंतर कायम राहते, हा टायटॅनियमचा खरा फायदा आहे, आणि सलग चालणाऱ्या मोठ्या लाइनवर तो मोलाचा ठरतो. छोट्या टाकीत मात्र ०.०४ ते ०.०६ टक्के फॉस्फरस असलेले गोळे, त्यांची बास्केट आणि गाळ अडवणारी पॉलिप्रॉपिलीनची पिशवी ही व्यवस्था आजही माझ्या मते अधिक सोयीची आहे. तरीही टायटॅनियमच घ्यायचे ठरले, तर विक्रेत्याकडून लेपाचा प्रकार, किती प्रवाहघनतेला (ॲनोडच्या ठरावीक क्षेत्रफळामागे जाणाऱ्या प्रवाहाला) किती तासांची हमी आहे आणि पुन्हा लेप चढवून मिळतो का, हे लेखी घ्यावे.